भाषणं आवरा, चहाची सुट्टी वाढवा

तंत्रज्ञान परिषदेहून परतलेल्या कर्मचाऱ्याकडून कंपन्या हमखास एक फॉर्म भरून घेतात. कोणती सत्रं ऐकली, वक्ता कोण होता, विषयाचा कंपनीला उपयोग काय, असे त्यात रकाने असतात. कुणाशी बोललात, त्याला काय विचारलंत, त्यानं तुम्हाला काय विचारलं, असा रकाना मी अजून एकाही फॉर्मात पाहिलेला नाही. माझ्या मते परिषदेचा खरा हिशेब तिथेच मांडायला हवा. तो मांडला जात नाही म्हणून परिषद भरवणारे, तिथे माणसं पाठवणारे आणि स्वतः जाणारे असे तिघंही पैसा आणि वेळ भलत्याच खात्यात घालतात.

मी सांगलीत साखर कारखान्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत डेटाबेस सांभाळते. उसाची नोंद, तोडणी-वाहतूक, काट्यावरचं वजन, शेतकऱ्याचं बिल हे आमचं रोजचं काम. डेटाबेस अडला की विचारायचं कुणाला, हा प्रश्न पुण्या-बेंगळुरूच्या मोठ्या कंपनीत बसलेल्याला फारसा पडत नाही. चार खुर्च्या पलीकडे कुणीतरी जाणकार असतोच. आम्हाला त्यासाठी गाडीत बसावं लागतं. त्यामुळे परिषद ही माझ्यासाठी मिरवायची जागा नाही, गरजेची जागा आहे. आणि म्हणूनच तिचं वेळापत्रक हातात पडलं की माझा विरस होतो.

सकाळी नऊला नोंदणी. साडेनऊला दीपप्रज्वलन, प्रायोजकांचे आभार, बीजभाषण. मग एकाच वेळी तीन दालनांत चाळीस-चाळीस मिनिटांची भाषणं, ती थेट संध्याकाळी सहापर्यंत. मध्ये चहाला पंधरा मिनिटं. तीन-चारशे माणसं, दोन टेबलं आणि एक रांग. कप हातात येतो न येतो तोच स्वयंसेवक ‘चला, सेशन सुरू होतंय’ म्हणत मागे लागतात. माणसं रात्रभर प्रवास करून एकमेकांजवळ येतात आणि आयोजक त्यांना पांगवायच्या कामाला लागतात.

ज्या भाषणांसाठी ही सगळी घाई, ती आता बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांत यूट्यूबवर येतात. घरी बसून, थांबवून, मागे नेऊन, हवं तर दीडपट वेगानं ऐकता येतात. एकेकाळी वक्त्याचं बोलणं ऐकायचं तर दालनात हजर असण्याला पर्याय नव्हता. तो काळ गेला. त्या काळचं वेळापत्रक मात्र आपण अजून तसंच छापतो आहोत.

भाषणाबाहेर काय मिळतं, याचं एक उदाहरण देते. एका गळीत हंगामात आमच्या एका कारखान्यावर रोज दुपारनंतर काट्याचं सॉफ्टवेअर जड व्हायला लागलं. ट्रॅक्टर यार्डात आला की त्याला टोकन मिळतं आणि टोकनाच्या क्रमानं काट्यावर नंबर लागतो. सकाळी टोकन क्षणात निघायचं. तीन-चार वाजले की पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत राहायचं आणि बाहेर ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची. तोडलेला ऊस उन्हात जितका उभा राहील तितका वाळतो आणि वजनात घटतो. तेव्हा रांगेतले ड्रायव्हर आणि शेतकरी कोणत्या शब्दांत चौकशी करत असतील, ते सांगायला नको. मी इंडेक्स तपासले, सर्व्हरची मेमरी वाढवून घेतली, माहितीपुस्तिकेतली संबंधित प्रकरणं पाठ होईपर्यंत वाचली. दुपारचं दुखणं काही हटेना.

त्याच सुमारास बेंगळुरूच्या एका डेटाबेस परिषदेला गेले होते. दुपारच्या एका सत्राचा वक्ता आलाच नाही आणि त्यामुळे कॉफीच्या टेबलापाशी पंचवीस-तीस जण चांगले अर्धा तास मोकळे सापडले. माझ्या गळ्यातल्या कार्डावर ‘सांगली’ वाचून एक मुलगा जवळ आला. “मॅडम, मराठी ना? मी लातूरचा.” हैदराबादला पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत तो कामाला होता. मी त्याच्यापुढे सगळं रामायण मांडलं. त्यानं इंडेक्सचं विचारलं नाही, मेमरीचंही नाही. त्यानं विचारलं, “तुमच्याकडं कुणी रिपोर्ट उघडा ठेवून जेवायला जातं का?”

मी तिथूनच कारखान्यावर फोन लावला. जात होतं. शेती विभागातले एक साहेब सकाळी अकराच्या सुमारास गटवार उसाचा अहवाल उघडत, दोन पानं बघत आणि फेरीवर निघून जात. अहवाल पडद्यावर तसाच.

आता यात बिघडलं काय? पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये एखादी नोंद बदलली की तिची जुनी प्रत लगेच पुसली जात नाही. ती मागे राहते आणि व्हॅक्यूम नावाची व्यवस्था मागाहून साफसफाई करते. पण कुणी एखादा व्यवहार उघडा ठेवला असेल आणि त्याला त्या जुन्या प्रती अजून लागण्याची शक्यता असेल, तर व्हॅक्यूम त्यांना हात लावत नाही. आमचा अहवाल पानापानानं दाखवता यावा म्हणून मागे कर्सर उघडा राहायचा. साहेब शिवारात, कर्सर उघडा, आणि इकडे दिवसभरात हजारो वेळा बदलणारा टोकनाचा एवढासा तक्ता मेलेल्या नोंदींनी फुगत चाललेला. लातूरच्या मुलाकडे साहेबांच्या जागी एक डॉक्टर होत्या, एवढाच फरक.

कोणती जोडणी किती वेळ उघडी पडली आहे ते पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत कसं बघायचं, ते त्यानं तिथल्या तिथे लॅपटॉपवर दाखवलं. निष्क्रिय पडलेला उघडा व्यवहार ठरावीक वेळेनंतर आपोआप तोडायची सोय २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहे, तीही दाखवली. आणि वर म्हणाला, “पण आधी साहेबांना सांगून ठेवा. नाहीतर रिपोर्ट मधेच गेला म्हणून तुमच्यावरच येईल.”

त्यानं सांगितलेली तांत्रिक माहिती पुस्तिकेत होती, मी ती वाचलेलीही होती. पुस्तिकेत नव्हता तो जेवायला जाण्याचा प्रश्न, आणि साहेबांना आधी सांगण्याचा सल्ला. भाषण देणारा त्याला जे ठाऊक आहे त्यावर बोलतो. कॉफीच्या टेबलापाशी मात्र विषय तुमच्या अडचणीचा असतो. चाळीस मिनिटांत चारशे जणांपुढे बोलणाऱ्याला माझ्या काट्यावरची दुपार दिसणार कशी?

ही केवळ माझी समजूत नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी १९७४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅनडातल्या प्रयोगशाळेत टीईए नावाचा एक नवा लेसर तयार झाला होता आणि ब्रिटनमधल्या प्रयोगशाळा तो बनवू पाहत होत्या. कॉलिन्स यांना असं आढळलं, की नुसते छापील लेख वाचून तो एकाही प्रयोगशाळेला चालवता आला नाही. ज्यांना जमलं त्या प्रत्येकाचा आधी तो बनवलेल्या कुणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आला होता. लेख लिहिणारे काही लपवत होते असं नव्हे. आपण जे करतो त्यातलं नेमकं काय महत्त्वाचं, हे त्यांनाही पुरतं ठाऊक नव्हतं. पुरणपोळीच्या कृतीत ‘कणीक सैलसर भिजवावी’ असं लिहिलेलं असतं. किती सैल, ते आजीच्या शेजारी बसूनच कळतं. लेसर काय किंवा डेटाबेस काय, प्रत्येक कामात अशी सैल कणीक असते.

मानववंशशास्त्रज्ञ जुलियन ऑर यांनी झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती कामगारांबरोबर फिरून असंच काहीसं पाहिलं. ‘टॉकिंग अबाउट मशिन्स’ हे त्यांचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. बिघाड दुरुस्त करण्यासाठी कंपनीनं क्रमवार सूचनांची पुस्तिका दिली होती. पण मशीन पुस्तिकेप्रमाणे बिघडेल तर शपथ! कामगार न्याहारीला, जेवणाला एकत्र बसत आणि ‘परवा एका मशीननं मला कसं नाचवलं’ याचे किस्से सांगत. वरून पाहणाऱ्याला त्या चकाट्या वाटल्या असत्या. प्रत्यक्षात दुरुस्तीचं ज्ञान त्या किश्शांतूनच हातोहात जात होतं. पुढे झेरॉक्सनं कामगारांच्या अशा युक्त्या साठवणारी ‘युरेका’ नावाची व्यवस्थाच उभी केली.

मग माझ्याच कंपनीतल्या चहात हे का घडलं नाही? कारण आम्ही सगळे एकच पाणी प्यालेले. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा निबंध इथे आठवतो. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ज्यानं वशिला लावला किंवा बातमी दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले सुमारे १७ टक्के; क्वचित भेटणारे जवळपास २८ टक्के; उरलेले अधूनमधून भेटणारे. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही असतं. नवी गोष्ट लांबच्या ओळखीतून येते. साखरेचं दुखणं पॅथॉलॉजीवाल्यानं ओळखलं यात म्हणूनच मला योगायोग दिसत नाही. साखरेच्या सॉफ्टवेअरवाल्यांची वेगळी परिषद भरली असती, तर आम्ही सगळे मिळून मेमरीच वाढवत बसलो असतो.

हे ओळखून पावलं टाकणारी माणसंही झाली. अमेरिकेतले हॅरिसन ओवेन यांनी १९८३ मध्ये वर्षभर खपून सुमारे २५० जणांची एक परिषद भरवली. ती संपल्यावर सगळ्यांचं एकमत पडलं, की सर्वांत उत्तम भाग कॉफीच्या सुट्ट्यांचा होता. ओवेन रुसून बसले नाहीत. १९८५ मध्ये त्यांनी अशी परिषद भरवली, की जिची विषयपत्रिका आलेल्या लोकांनी तिथेच, भिंतीवर कागद चिकटवून ठरवली. त्या पद्धतीला ओपन स्पेस म्हणतात. तिचा एक नियम मला फार आवडतो: जिथे तुम्ही काही शिकतही नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसरीकडे चालू लागा. आपल्याकडे भाषण चालू असताना उठणं म्हणजे वक्त्याचा अपमान. त्यामुळे चारशेतले दोनशे जण मान खाली घालून मोबाइल बघत बसतात आणि तो मात्र अपमान ठरत नाही.

२००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत पहिला बारकॅम्प झाला. निमंत्रितांपुरत्याच असलेल्या एका मेळाव्याला उत्तर म्हणून तो सर्वांना खुला ठेवला गेला. तिथेही पत्रिका आलेल्यांनीच ठरवायची. पुण्यातही पुढे बारकॅम्प भरले. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीची जागतिक परिषद, डेबकॉन्फ, सप्टेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा भारतात, कोचीला झाली. या परिषदेच्या आधी रीतीप्रमाणे काही दिवस ‘डेबकॅम्प’ असतो. तिथे भाषणांचा भर नसतो. लोक शेजारी-शेजारी बसून काम करतात. प्रवासखर्च न परवडणाऱ्यांना अर्ज करून मदतही मिळते. आणि डेबियनचे लोक समोरासमोर भेटून, ओळखपत्र पाहून एकमेकांच्या डिजिटल किल्ल्यांवर सही करतात. जगभर विखुरलेल्या, इंटरनेटवरच वाढलेल्या या मंडळींना विश्वास ठेवायच्या वेळी माणूस समोर लागतो, यातच सगळं आलं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग भाषणं बंदच करा. नाही. भाषण हवं, कारण नवख्याला विषयाचा नकाशा त्यातून मिळतो आणि अनोळखी माणसाशी बोलायला निमित्तही तेच पुरवतं. भाषणं नसतील तर कंपनी रजाही देणार नाही, हाही व्यवहार आहे. माझं भांडण प्रमाणाशी आहे. दिवसभरात आठ भाषणं ऐकणाऱ्याला संध्याकाळी त्यातली दोन आठवली तरी पुष्कळ.

पण दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे, आणि ते दालनाबाहेरच्या व्हरांड्यातल्या गप्पांचे गोडवे गाणारे सहसा बोलत नाहीत. व्हरांडा सगळ्यांना सारखा वागवत नाही. भाषणाच्या दालनात मागच्या खुर्चीवर बसलेल्यालाही वक्त्याचं तेच वाक्य ऐकू येतं. बाहेर मात्र ज्याच्या चार ओळखी आहेत त्याला चाळीस मिळतात, आणि ज्याची एकही नाही तो ताट हातात धरून भिंतीशी उभा राहतो. जुन्या मित्रांची कोंडाळी पाठ बाहेर करून उभी असतात. पुरुषांचे घोळके सिगारेट ओढायला गेटबाहेर जातात आणि निम्म्या गप्पा तिथेच होतात. उरलेल्या संध्याकाळी बिअरच्या टेबलावर. रात्री मुक्कामाची सोय पाहायची असलेली बाई तोवर निघून गेलेली असते.

आणि भाषा. पुण्यात भरलेल्या परिषदेतही, जिथे निम्म्याहून जास्त लोक मराठी आहेत अशा घोळक्यातही, चर्चा इंग्रजीतच सुरू होते. जळगाव, बीड, चंदगडहून आलेला, मराठी शाळेत शिकून अभियंता झालेला मुलगा भाषण समजून घेतो, कारण तांत्रिक इंग्रजी त्याला येतं. पण आपली अडचण मोकळेपणानं सांगायला, मधेच ‘थांबा, हे नाही कळलं’ म्हणायला लागणारं इंग्रजी वेगळं असतं. ते नसलं की तो गप्प राहतो आणि त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ ‘याला काही येत नाही’ असा लावला जातो. लातूरच्या मुलाशी मी इंग्रजीत बोलले असते, तर शेती विभागातल्या साहेबांपर्यंत गोष्ट पोचली असती असं मला वाटत नाही. मी नीटनेटकी तांत्रिक लक्षणं सांगितली असती आणि तशीच नीटनेटकी उत्तरं घेऊन परतले असते.

म्हणून नुसती सुट्टी वाढवून भागणार नाही. तिची भाषणांइतकीच नीट आखणी करावी लागेल. त्याला फार पैसा लागत नाही. चहा पंधरा मिनिटांऐवजी पाऊण तास करा आणि टेबलं दोनाऐवजी सहा ठेवा, लांब-लांब. एक फळा लावा. डावीकडे ‘मला हे अडलंय’, उजवीकडे ‘मला हे येतं’, आणि खाली कोणत्या टेबलापाशी भेटू ते. गळ्यातल्या कार्डावर हुद्दा छापू नका. गाव आणि सध्याचं काम छापा. ‘सीनियर मॅनेजर’ वाचून कुणी जवळ येत नाही, ‘सांगली, ऊस-काटा’ वाचून येतं. पहिल्यांदाच आलेल्यांना सकाळी वेगळं बसवून दोघा-तिघांशी गाठ घालून द्यायला जुनी माणसं नेमा. एरिक होल्शर या सॉफ्टवेअर अभियंत्यानं सुचवलेला ‘पॅकमॅन नियम’ मोठ्या अक्षरांत लावा: घोळक्यात उभे असाल तेव्हा एका माणसाची जागा मोकळी ठेवा, त्या खेळातल्या पॅकमॅनच्या उघड्या तोंडासारखी. कुणी त्या जागी आलं, की सरकून आणखी एक जागा करा. पुण्या-मुंबई-नागपूरच्या परिषदांत निदान दोन टेबलांवर ‘इथे मराठीत बोला’ अशी पाटी असू द्या. आणि गाठीभेटींचा मुख्य कार्यक्रम दिवसाउजेडी ठेवा. रात्रीची पार्टी ज्याला हवी त्यानं करावी.

कंपन्यांसाठी दोनच गोष्टी. काट्यावर रांग लागली की रात्री दोन वाजता ज्याचा फोन वाजतो, त्याला परिषदेला पाठवा. बहुतेक वेळा जातो तो त्याचा साहेब. साहेब प्रायोजकांच्या स्टॉलवर क्यूआर कोड स्कॅन करून, पाण्याची बाटली आणि टी-शर्ट घेऊन परततो. त्याच्याकडे विचारायला अडचणच नसते. दुसरं, गेलेल्या माणसानं परतल्यावर अर्धा दिवस बाकीच्यांबरोबर बसावं आणि कुणाकडून काय ऐकलं ते किश्शांसकट सांगावं. भाषणांच्या स्लाइड पाठवू नयेत. त्या कुणी उघडत नाही.

आणि जाणाऱ्यानं काय करावं? अडचण घेऊन जावं. ‘मला शिकायचंय’ म्हणणाऱ्याला कुणी काही सांगू शकत नाही. ‘माझं टोकन दुपारी तीननंतर अडकतं’ म्हणणाऱ्याला अनोळखी माणूससुद्धा अर्धा तास देतो, कारण दुसऱ्याचं कोडं सोडवायला कुणालाही आवडतं. पण हे घेणं एकतर्फी राहू नये. मला त्या दिवशी मिळालं ते फुकट मिळालं. आता परिषदेत भिंतीशी एकटं कुणी दिसलं की मी जाऊन ‘कुठून आलात?’ विचारते. बरेचदा समोरच्याला सांगायचं खूप असतं, नुसतं कुणी विचारलेलं नसतं.

आयोजक शेवटी अभिप्राय मागतात तेव्हा जेवण कसं होतं, आवाज नीट येत होता का, वक्ते आवडले का, असं विचारतात. त्यांनी एकच प्रश्न विचारावा: इथे पहिल्यांदाच भेटलेल्या, पुढच्या महिन्यात अडचण आल्यावर फोन करता येईल अशा एका माणसाचं नाव सांगता येतं का? निम्म्या लोकांना सांगता आलं नाही, तर पुढच्या वर्षी आणखी चांगले वक्ते शोधत बसू नये. एक दालन बंद करावं आणि त्याचं भाडं चहावर खर्च करावं.